गेलेली माणसं साधी होती, मग त्यांच्याबद्दल लिहायचं तरी काय?

पत्र थोडक्यात (नाव, गाव आणि ओळख पटेल अशा गोष्टी काढून टाकल्यात) :

लिहिणारे तिशीतले आहेत, गाव मराठवाड्यातलं, कोरडवाहू. ते स्वतः पुण्याजवळ एका कंपनीत कामाला, महिन्या-दोन महिन्यांनी गावी जाणं होतं. गेल्या दीडेक वर्षात गावातली बरीच जुनी माणसं एकामागे एक गेली, त्यात त्यांचे थोरले चुलतेही होते. चुलत्यांवर त्यांनी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर थोडंसं लिहिलं, ते लोकांना आवडलं आणि पोरांनी ठरवून टाकलं की गावच्या येत्या हरिनाम सप्ताहात सगळ्यांची मिळून एक स्मरणिका काढायची, लिहायचं यांनी. सहा जणांची यादी झाली : चुलते, एक माजी सरपंच, एक निवृत्त गुरुजी जे शेवटपर्यंत शेती करायचे, एक भजनी मंडळातले, एक जण ज्यांची सख्ख्या भावाशी बांधावरून केस चालू होती, आणि एक जण ज्यांनी आत्महत्या केली. आता अडलंय. ते लिहितात, "माणसं साधी होती, अख्खं आयुष्य शेतात गेलं, ह्याच्यापुढे वाक्यच सुचत नाही. खरं लिहावं तर घरचे दुखावतील, फक्त चांगलं लिहावं तर गाव हसेल. आत्महत्या झाली त्या घरचे म्हणतायत हार्ट अटॅक लिहा. आणि मी तर गावात राहतही नाही, मला हे लिहायचा हक्क आहे का? पण ही पिढी गेली म्हणजे गावच संपलं, म्हणून सोडवतही नाही." पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ आहे, की याच काळात त्यांच्याकडे तीस वर्षं सालाने (वर्षाच्या बोलीवर शेतकामाला) असलेले एक जण आणि दोन म्हाताऱ्या बायकाही गेल्या, "पण त्यांचं विशेष असं काही नाही."

उत्तर :

पहिली गोष्ट, हे काम सोडू नका. फक्त ज्या बाजूने तुम्ही त्याला हात घातलाय ती बाजू बदलून बघा. लिहायला काही नाही, खरं लिहिलं तर भांडणं होतील आणि मी बाहेरचा झालोय, अशा तीन अडचणी तुम्ही सांगता, पण मला वाटतं तिन्ही एकाच ठिकाणाहून येतायत. श्रद्धांजली म्हणजे माणसाचा स्वभाव सांगायचा असं आपण धरून बसलोय. प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ, धार्मिक वृत्तीचे. कुठल्याही फाट्यावरचा बॅनर वाचा, हेच शब्द असतात आणि लावणाऱ्याने ते मनापासूनच लावलेले असतात, पण त्यातून त्यांचा माणूस कोणता आणि शेजारच्या बॅनरवरचा कोणता हे काही कळत नाही. स्वभाव लिहायला बसलं की विशेषणं संपतात, आणि मग एकतर गोड लिहावं लागतं नाहीतर उणंदुणं काढावं लागतं, तिसरी वाट राहत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की स्वभाव बाजूला ठेवा आणि काम लिहा. तो माणूस काय करायचा, कसं करायचा, कुणाकडून शिकला, त्याला असं काय कळायचं जे बाकीच्यांना कळत नव्हतं.

"अख्खं आयुष्य शेतात गेलं" हे तुम्ही जिथे पूर्णविराम देऊन थांबलात, तिथून खरं तर सुरुवात होते. हिशोब करून बघा ना. आज पंच्याहत्तरीला जाणारा माणूस म्हणजे १९५० च्या आगेमागे जन्मलेला. पोरवयात त्याने मोटेवर बैल हाकलेत, मग डिझेल इंजिन बघितलं, मग विजेची मोटार, आणि म्हातारपणी नातवाने टाकलेलं ठिबक. तिफणीच्या चाड्यावर, म्हणजे पेरणीच्या औताच्या बी सोडायच्या वाटीवर, मूठ धरून पेरणारा तो आणि ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राला भाडं मोजणाराही तोच. साठ-सत्तरच्या दशकात हायब्रीड ज्वारी आली तेव्हा गावात ती आधी कुणी पेरली, कोण नको म्हणत होतं, पहिल्यांदा युरिया टाकला तेव्हा किती भीती वाटली, खळं मोडून मळणी यंत्र कधी आलं, घरची बैलजोडी शेवटची कधी विकली आणि त्या दिवशी घरात जेवण झालं का, हे सगळं त्या एका आयुष्यात झालेलं आहे. एवढे बदल अंगावर घेतलेल्या माणसाला साधा म्हणताना जरा थांबावं असं मला मनापासून वाटतं.

आणि १९७२ चा दुष्काळ. तुमच्या यादीतले बहुतेक जण तेव्हा ऐन विशीत असणार. दुष्काळी कामावर खडी फोडणारे, माती वाहणारे हात ह्यांचेच होते, कामावर वाटलेली सुकडी आणि अमेरिकेतून आलेली ती लाल मिलो ज्वारी खाल्लेली माणसं हीच. त्या दुष्काळी कामांच्या अनुभवातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ च्या देशभराच्या रोजगार हमी कायद्याला महाराष्ट्राचा हाच अनुभव उपयोगी पडला. तुमच्या शिवारात जुना पाझर तलाव असेल, नाल्यावरचे बंडिंग असेल, तालुक्याला जाणारा रस्ता असेल तर चौकशी करा तो कधीचा आहे आणि त्यावर कोण कोण होतं. कदाचित तुमचे चुलतेच निघतील. मग वाक्य सुचत नाही ही तक्रार राहणार नाही, कारण ज्या रस्त्याने तुम्ही गावी येता त्याची खडी कुणी फोडली हे लिहायचं असेल तर पान अपुरं पडतं.

उदाहरणादाखल सांगते, असं काहीतरी : "पेरणीच्या दिवसांत त्यांना चार घरून बोलावणं यायचं, कारण चाड्यावर त्यांची मूठ एकसारखी पडायची आणि उगवलेली तास बघून लोक सांगायचे ही कुणी पेरलीय. विहीर खोदली, पाणी लागलं नाही, तिचं कर्ज मात्र पोरींच्या लग्नांपर्यंत फेडत होते. रात्रीच्या लाईटला दारं धरून पिकाला पाणी द्यायला गेले की शेजारच्या वावरातलं पाणी फुटलंय का तेही बघून यायचे. मृग कोरडा गेला तर घाई करायचे नाहीत, दुबार पेरणीची वेळ त्यांच्यावर फार कमी आली. बैल विकल्यावरही गोठा रोज झाडायचे." यात प्रेमळ नाही, कष्टाळू नाही, काही नाही. पण वाचणारा माणूस ओळखतो, आणि ज्याने त्यांना कधी पाहिलं नाही त्यालाही ते दिसतात.

आता तुमच्या त्या शेवटच्या ओळीकडे येते, कारण सगळ्या पत्रात मला तीच जास्त लागली. सालाने असलेले एक जण, दोन म्हाताऱ्या बायका, आणि "विशेष असं काही नाही." तुम्ही हे मुद्दाम केलं असं मी अजिबात म्हणत नाही, यादी अशीच होते, सगळ्या गावांत अशीच होते. पण शेतकरी कोण हे आपण ठरवतो ते सातबारावर नाव कुणाचं आहे यावरून. तुमच्या सहाही जणांच्या नावावर जमीन असणार, सहाही पुरुष आहेत, आणि माझा अंदाज आहे की सहाही जण गावाच्या एकाच बाजूच्या घरांमधले असतील. तीस वर्षं ज्यांनी तुमची जमीन कसली, पाडव्याला साल ठरवून पुढच्या पाडव्यापर्यंत राबले, रात्री राखणीला गेले, तुमच्या बैलांना तुमच्यापेक्षा जास्त ओळखत होते, त्यांना काही विशेष नाही असं कसं होईल? तुमच्या शेतीचं निम्मं ज्ञान त्यांच्याजवळ होतं. चुलत्यांवर खरं लिहायचं म्हटलं तरी त्यांच्याशिवाय लिहिता येणार नाही, दोघांनी दिवसभर एकाच वावरात काढलेत.

बायकांचंही तसंच. बियाणं निवडून, राख लावून गाडग्यात जपून कोण ठेवायचं, खुरपणी, वेचणी, काढणी, गुरांचं शेण-पाणी, ह्यातलं किती काम बायकांनी केलं ते तुम्ही लहानपणी डोळ्यांनी बघितलंय. तुमच्या भागातून ऊसतोडीला लोक जात असतील तर नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मात्र बहुतेक नवऱ्याच्या नावाने घेतलेली असते, म्हणजे तिने तोडलेल्या उसाचीही नोंद तिच्या नावाने होत नाही. कागदावर नाव नाही म्हणून यादीत नाही आणि यादीत नाही म्हणून आठवणीत नाही, हे तुमच्या हाताने थांबू शकतं, आणि ते करायला फार काही लागत नाही, फक्त तीन नावं वाढवायची आहेत.

सातबारा, फेरफार (जमिनीच्या नोंदीतले बदल) ह्यांचा उपयोग जरूर करा हं, त्यांना कमी लेखू नका. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर कुठल्या साली काय पीक होतं ते दिसतं, सोसायटीच्या कर्जाचा बोजा कधी चढला कधी उतरला ते फेरफारात सापडतं, बऱ्याच जिल्ह्यांची जुनी कागदपत्रं आता स्कॅन होऊन ऑनलाईन मिळतात. पण कागद सांगतो तेवढंच सांगतो. माणूस गेला की वारसनोंद होते, नवा फेरफार पडतो, जुन्या नावाला कंस होतो, संपलं. उलट बाजूने आपल्या गावोगावचे वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्यांच्या आठवणीचे कोरीव दगड, बघा, मारुतीच्या देवळापाशी नाहीतर वेशीत शेंदूर लावून उभे असतात. खालच्या टप्प्यात लढाई, कुठे गाई सोडवणारा माणूस, वर त्याला नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर महादेवाची पूजा आणि चंद्र-सूर्य. गुरं वाचवताना मेलेल्या गावकऱ्याची आठवण शेकडो वर्षं टिकली, पण महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही, म्हणून त्याने काय केलं ते दिसतं आणि तो कोण होता ते कुणालाच माहीत नसतं. तुमच्या स्मरणिकेत नाव आणि काम दोन्ही एका पानावर येऊ द्या.

अजून एक गोष्ट कागदावर नसते, शेतांची नावं. एकत्रीकरणात सर्व्हे नंबरचे गट नंबर झाले, पण घरात कुणी गट नंबर बोलत नाही. चिंचेचं, लवणातलं, माळाचं, पट्टी, अशी प्रत्येक तुकड्याची नावं असतात आणि ती ह्याच लोकांच्या तोंडात होती. प्रत्येकाच्या पानावर त्यांच्या शेतांची नावं आणि बैलांची नावं लिहा. पोरांना ती माहीत नसतील, म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतात.

आता आत्महत्येबद्दल. इथे मी जरा सावकाश लिहिते आणि तुम्हीही सावकाशच वाचा.

घरचे हार्ट अटॅक लिहा म्हणतायत ते खोटं बोलायची हौस म्हणून म्हणत नाहीयेत. शेतकरी आत्महत्या झाली की घरी आधी पोलीस येतात, मग महसूलवाले येतात, कर्ज किती, दारू पीत होते का, घरात भांडण होतं का, सगळं विचारतात, कारण सरकारच्या १ लाखाच्या मदतीला ते प्रकरण पात्र की अपात्र हे जिल्ह्याच्या समितीत ठरतं. त्या बाईने नवरा गेल्याच्या दुःखात हे सगळं एकदा सोसलेलं असतं आणि गावाने तोपर्यंत आपापली कारणं ठरवलेली असतात. त्यामुळे तुम्ही त्यांच्याकडे जाल तेव्हा मरणाबद्दल एकही प्रश्न घेऊन जाऊ नका. तुम्हाला हार्ट अटॅक लिहायचीही गरज नाही आणि आत्महत्या लिहायचीही नाही. नाव, जन्मसाल, गेल्याची तारीख, आणि मग त्यांचं आयुष्य. बाकी सगळ्यांचंही असंच ठेवा, कुणाच्याच मृत्यूचं कारण लिहू नका, म्हणजे एकाच पानावर जागा मोकळी सोडलीय असं दिसणार नाही. चाळीस-पन्नास वर्षं जगलेला माणूस त्याच्या शेवटच्या दिवसावरून ओळखला जाऊ नये एवढं तुम्ही त्या घरासाठी करू शकता, आणि माझ्या मते ते फार मोठं आहे.

घरचे स्वतःहून म्हणाले की नाही, खरं लिहा, गावाला कळू दे, तर लिहा, पण त्यांच्या शब्दांत लिहा. एकच कारण देऊ नका, कर्जामुळे, नापिकीमुळे, पोराच्या वागण्यामुळे असं एका वाक्यात बांधू नका, कारण ते कधीच एवढं सरळ नसतं आणि कारणात ज्याचं नाव येतं तो माणूस ते जन्मभर वाहतो. कसं केलं, कुठे केलं, शेवटची चिठ्ठी, ह्यातलं काहीही छापायचं नाही, वाचणाऱ्यांत कुणीतरी त्याच अवस्थेत असू शकतो. आणि ह्या निमित्ताने स्मरणिकेच्या एखाद्या पानावर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर नक्की टाका. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तुम्ही घरोघर फिराल तेव्हा कुणी खचलेलं दिसलं तर त्यांनाही द्या, आणि नुसता नंबर देऊन निघू नका, बसा जरा.

भावाशी केस चालू होती त्यांचं तुलनेने सोपं आहे. भाऊ जिवंत आहे ना? मग जे वाक्य तो समोर बसलेला असताना वाचता येणार नाही ते लिहायचं नाही, कारण गेलेला माणूस उत्तर देऊ शकत नाही आणि जिवंत माणसाला स्मरणिकेत उत्तर द्यायला जागा नाही. बांधावरून कोण बरोबर होतं हे ठरवणं तुमचं काम नाही. मात्र त्या भावाला भेटा जरूर. वेगळे व्हायच्या आधी दोघं एका तिफणीवर होते, लहानपणीचं त्याच्याएवढं दुसऱ्या कुणालाच माहीत नाही. तो बोलणार नाही असं गाव सांगेल, तरी विचारा. विचारायचं ते भांडणाचं नाही, पहिली बैलजोडी कुठल्या बाजारातून आणली असलं काहीतरी. नाही म्हणाला तर नमस्कार करून या, त्याचाही मान राखला गेला.

दारू, जुगार, बायकोला मारणं, असल्या गोष्टींचं काय हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण हे सदर वाचणाऱ्या अनेकांना पडेल. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये असं आपण म्हणतो, ठीक आहे, पण ज्याने घराची धूळधाण केली त्याला प्रेमळ म्हणणं म्हणजे त्याच्या बायकोला पुन्हा एकदा गप्प बसवणं होतं. गावापुढे त्या गोष्टींची उजळणी करायला नको, पण खोटं विशेषणही लावायला नको. कामच लिहायचं ठरवलं की इथेही वाट सापडते. तो उत्तम गवंडीकाम करायचा हे खरं असेल तर तेवढंच लिहा, आणि घर कुणी चालवलं हे त्याच पानावर तिच्या नावाने लिहा. वाचणाऱ्यांना कळतं.

हक्काचं म्हणाल तर मला वाटतं प्रश्न तुम्ही थोडा चुकीच्या जागी ठेवलाय. तुम्ही पुण्यात राहता म्हणून हक्क जात नाही आणि उद्या गावात राहायला गेलात म्हणून आपोआप मिळतही नाही. तो मिळतो घरच्यांना विचारून. आधी नवऱ्याला किंवा बायकोला विचारायचं, मग मुलांना, मुलगा मोठा आहे म्हणून आधी त्याच्याकडे जायचं असं करू नका. लिहून झालं की छापायच्या आधी त्या घरी जाऊन मोठ्याने वाचून दाखवा, पीडीएफ पाठवून मोकळं होऊ नका, बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाही. आणि ज्या ओळीला ते नको म्हणतील ती ओळ वाद न घालता काढायची, कितीही चांगली जमली असली तरी. असं वाचून दाखवताना बहुतेक वेळा ओळी कमी होत नाहीत, उलट "असं नाही रे, ते असं झालं होतं" म्हणून नवीनच काहीतरी निघतं, तेव्हा पेन हातात ठेवा.

विचारायचं कसं हेही सांगते, कारण "आजी, आजोबांबद्दल काहीतरी सांगा ना" म्हटलं की म्हातारी माणसं गप्प होतात किंवा "चांगले होते बाबा" म्हणून सोडून देतात. छोटं आणि ठरावीक विचारा. सकाळी उठल्यावर पहिलं काय करायचे, बाजारातून काय आणायला कधी विसरायचे नाहीत, कुणाला उसनं बियाणं दिलं आणि कुणाकडून घेतलं, इर्जिक घातलं, म्हणजे शेतकामाला सगळ्यांना मदतीला बोलावलं, की कुणाकुणाची औतं यायची, त्यांच्या हातचं अजून काय उभं आहे, कशावरून चिडायचे. बायकांना जात्यावरच्या ओव्या येतात का विचारा. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्राच्या गावोगावी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या बायकांकडून गोळा केल्या, आज त्या परी म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाच्या साईटवर गाणाऱ्या बाईच्या नावागावासकट ऐकायला मिळतात. ओवीत भाऊ येतो, लेक येते, पाऊस येतो, सासरचा जाच येतो, नुसत्या प्रश्नाला जे उत्तर मिळत नाही ते ओवीत सहज येऊन जातं. त्या दोन म्हाताऱ्या बायकांच्या मैत्रिणी अजून असतील, त्या गेलेल्यांच्या आवडीच्या ओव्या कोणत्या हे त्याच सांगू शकतील. परवानगी घेऊन मोबाईलवर रेकॉर्ड करा, फाईलला नाव आणि तारीख टाका, आणि फोनमध्येच पडू देऊ नका, फोन बदलला की सगळं जातं.

वयाचा घोळ होणार आहे हे धरून चाला. शाळेच्या दाखल्यावर गावातल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जून निघतो, कारण गुरुजींनी नाव घालताना तीच तारीख टाकली. तेव्हा घटनांवरून काढा. रझाकाराच्या वेळी, म्हणजे १९४७-४८ ला, जन्म झाला होता का, ७२ च्या दुष्काळात लग्न झालेलं होतं का, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा, ३० सप्टेंबर १९९३ ला, थोरलं लेकरू केवढं होतं. सन आणि आसपास असं लिहिलं तरी चालतं, खोट्या नेमक्या तारखेपेक्षा ते बरं.

कुणी सुटू नये म्हणून ग्रामपंचायतीचं मृत्यूनोंदीचं रजिस्टर एकदा बघायला मागा. पण मृत्यू जिथे होतो तिथे त्याची नोंद होते, त्यामुळे जे शहरातल्या दवाखान्यात गेले त्यांची नावं गावच्या रजिस्टरला नसतील. त्यासाठी आशाताई आणि अंगणवाडीच्या ताईंना विचारा, वस्तीसकट सगळी घरं त्यांच्या पायाखालची आहेत. यादी करताना तुमच्या ग्रुपमधल्या पोरांपेक्षा ह्या दोघींचा जास्त उपयोग होईल.

छपाईचं थोडक्यात. प्रत्येकाला एकच पान, एकाच मापाचा फोटो, क्रम गेल्याच्या तारखेने. सरपंचांना दोन पानं आणि सालदारांना अर्धं असं झालं तर सगळंच वाया गेलं. वर्गणी जास्त दिली म्हणून फोटो मोठा नाही, आणि मुखपृष्ठावर कुठल्याही नेत्याचा फोटो नाही, हे पैसे गोळा करायच्या आधी ग्रुपवर स्पष्ट बोलून घ्या, नंतर जड जातं. एखाद्याचा फोटोच नसेल, विशेषतः त्या बायकांचा, तर कुणाच्या लग्नाच्या अल्बममध्ये मागे कुठेतरी उभ्या असलेल्या सापडतात, शोधा. नाहीच मिळाला तर त्यांच्या हातची एखादी वस्तू, गोधडी म्हणा, खुरपं म्हणा, त्याचा फोटो घाला.

एक मात्र मला तुमच्या पत्रातलं पटलं नाही, ही पिढी गेली म्हणजे गाव संपलं हे वाक्य. ते स्मरणिकेत लिहू नका अशी विनंती आहे. ज्या काळाबद्दल आपण हळहळतो त्यात मिलो खाऊन दिवस काढलेले आहेत, बाळंतपणात गेलेल्या बायका आहेत, सालदाराच्या पोराला शाळेऐवजी गुरांमागे पाठवलेलं आहे. गेलेल्यांनीच त्यातल्या बऱ्याच गोष्टी बदलल्या, आणि तुम्ही आज कंपनीत आहात त्यात त्यांचा हात आहे. आणि गावात आज जी माणसं शेती करतायत, त्यात तुमच्या चुलतभावापासून त्या आत्महत्या झालेल्या घरच्या बाईपर्यंत सगळे आले, त्यांच्या हातात ही स्मरणिका जाणार आहे. तुम्ही उरलेले काही नाही असा निरोप त्यांना त्यातून मिळायला नको. उलट त्या बाईच्या नवऱ्याचं पान लिहाल तेव्हा आज ते शेत ती करतेय, यंदा काय पेरलंय, हेही तिला विचारून एका ओळीत लिहा.

सप्ताहाला किती दिवस राहिलेत ते तुम्ही लिहिलं नाही. वेळ कमी असेल तर सगळ्यांवर घाईघाईने चार चार ओळी खरडू नका. सगळी नावं एका पानावर छापा आणि या वर्षी तिघांवरच नीट लिहा, बाकीच्यांवर पुढच्या वर्षी लिहू असं सप्ताहात माईकवरून सांगून टाका. पहिल्या तिघांत तुमचे चुलते घ्या, तुमचे सालदार घ्या आणि त्या दोघींपैकी जिच्या मैत्रिणी सगळ्यात थकल्यात ती घ्या, कारण त्या मैत्रिणींना पुढच्या वर्षी विचारता येईल की नाही सांगता येत नाही. यावेळी गावी जाल तेव्हा पहिली चक्कर सालदारांच्या घरी मारा, त्यांच्या बायकोला भेटा, आणि चुलत्यांच्या बैलांची नावं तिथेच विचारा.